‘समजलं का?’ विचारू नका

प्रश्न : कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या विभागात, सुपरवायझर आहे. पाळी बदलताना रोज दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून सूचना देतो. शेवटी ‘समजलं का?’ म्हटलं की सगळे ‘हो साहेब’ म्हणतात, आणि तासाभरात तीच चूक. परवा डायमधला (साच्यातला) धातूचा कीस न काढताच प्रेस चालवली, दोनशेवर पार्ट ओरखडे येऊन भंगारात गेले. अजून किती समजावून सांगायचं?
– एक वाचक, चाकण

उत्तर : अजून नको, कमी सांगा. त्या दहा मिनिटांतली नऊ तुम्हीच बोलत असणार. ‘समजलं का?’ला चारचौघांत ‘हो’शिवाय दुसरं उत्तर देता येत नाही, ‘नाही’ म्हणणारा मठ्ठ ठरतो. शिवाय रात्रभर ती प्रेस ज्यानं चालवली, त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि तोच गप्प उभा असतो.

म्हणून क्रम उलटा करा. जाणारा ऑपरेटर आधी बोलेल, दोन मिनिटं. जागा प्रेसच्या आवाजापासून लांबची, पण मशीन दिसेल अशी. तुम्ही विचारायचं, ‘रात्री मशीन कुठं अडलं?’ ‘काही अडचण नाही ना?’ असं नको, त्यात उत्तर तुम्हीच देऊन टाकता. विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. हे तीन सेकंद फार जड जातात, तिथंच बहुतेक साहेब तोंड उघडतात. अमेरिकेत शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी शाळेच्या वर्गांत हे मोजलं होतं : शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत, ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. थांबताना नजर मात्र वहीकडे किंवा मशीनकडे ठेवा. रोखून बघितलंत तर ती चौकशी वाटते.

मग ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगा : ‘म्हणजे तीन नंबरला कीस अडकत होता, दोनदा हवा मारून काढला, पण पंचची धार गेलीय. बरोबर?’ चुकलं असेल तर तो लगेच दुरुस्त करतो. लॉगबुकात चारच गोष्टी : मशीन, काय झालं, काय केलं, काय उरलं. शेवटी येणाऱ्या ऑपरेटरला विचारा, ‘पहिल्यांदा काय करणार?’ ‘डाय उघडून बघतो, हवा मारतो, पहिला पीस क्वालिटीला दाखवतो’ हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे. ‘करतो साहेब’ चालणार नाही. सगळ्यांकडून सगळं वदवून मात्र घेऊ नका, चार दिवसांत पोपटपंची होते. ज्या कामात आज बदल आहे, तेवढंच.

‘हो’वर भागवल्यानं काय होतं, याचं सर्वांत भयंकर उदाहरण स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचं. २७ मार्च १९७७ला तिथल्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. दुसरं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नसावं, अशी शंका उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरनं काढली होती. कॅप्टननं ठामपणे ती उडवून लावली. त्याआधी उड्डाण करत असल्याच्या त्या विमानाच्या संदेशाला कंट्रोल टॉवरनं नुसतं ‘ओके’ म्हटलं होतं, पुढची ‘थांबा’ ही सूचना रेडिओच्या खरखरीत नीट पोचली नाही. त्यानंतर परवानगी शब्दशः परत म्हणून दाखवण्यावर जगभर कटाक्ष आला.

एक धोका आधीच सांगतो. पहिल्या आठवड्यात चुका वाढल्यासारख्या दिसतील, कारण आजवर लपत होत्या त्या वहीत येतील. तेव्हा एखाद्याला सर्वांसमोर झापलंत, की वही पुन्हा कोरी.

प्रश्न : पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. ऐकून घ्यायला बसते, पण एक सहकारी गाऱ्हाणं सुरू केलं की थांबतच नाहीत. ऐकायचं म्हणजे गप्पच बसायचं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : छे. मध्ये बोला, पण त्यांचंच बोला. ‘थांबा, मी कुठवर आले ते सांगते : वसुलीची यादी उशिरा मिळते आणि शिव्या तुम्ही खाता.’ माणूस बहुतेक वेळा तेच तेच सांगतो, कारण पोचलं की नाही याची त्याला खात्री नसते. यानंतर एकच विचारा, ‘यातलं माझ्याकडून काय हवंय?’ बसण्याआधीच ‘माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत’ हेही सांगून ठेवा, आणि मोबाइल टेबलावर उलटा नको, खणात ठेवा.