काजव्याचा उजेड टेस्टमध्ये कशाला?

प्रश्न: काजव्याचं एन्झाइम अँटीबॉडीला (ठरावीक पदार्थालाच चिकटणाऱ्या प्रथिनाला) जोडून टेस्ट करतात म्हणे, मग रंग बदलणारी साधी टेस्ट काय वाईट आहे?

उत्तर: वाईट नाही हो, पण रंग मोजताना भरपूर प्रकाशातला किती कमी झाला ते बघायचं असतं, अगदी थोडा फरक असला की तो कळतच नाही. काजव्याच्या एन्झाइमला, म्हणजे ल्युसिफरेजला, ल्युसिफेरिन (त्याचं इंधन), एटीपी (पेशीतला ऊर्जा देणारा रेणू), मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन मिळाला की ते स्वतःच (खऱ्या अर्थाने!) उजेड पाडतं, बाहेरून लाइट मारायचा नाही त्यामुळे आजूबाजूला काळोख आणि मोजके फोटॉन (प्रकाशाचे कण) पण मशीन पकडतं. फक्त एन्झाइम नाजूक, अँटीबॉडीला जोडताना बऱ्याचदा त्याचा दमच जातो. १९६२ चं, शिमोमुरा या शास्त्रज्ञांचं, जेलीफिशमधलं एक्वोरिन हे उजेड देणारं प्रथिन तर कॅल्शियम लागताच काही सेकंद चमकून संपतं, म्हणून आधी मशीन तयार, मग कॅल्शियम.