पार्कसाठी पहिला स्नोबोर्ड घेताना

हे बघ, कोलोरॅडोतल्या ब्रेकेनरिज-कीस्टोन स्की रिसॉर्टच्या पार्कमध्ये (म्हणजे उड्या-करामतींसाठी बनवलेल्या बर्फाच्या भागात) रेल (ज्यावरून घसरत जायचं ते धातूचे दांडे) आणि छोटे जंप शिकायचेत ना, मग महागडा बोर्ड नकोच, रेलवर घासून त्याची वाट लागणारच आहे. ट्रू ट्विन घे, म्हणजे पुढचं-मागचं टोक एकसारखं, स्विच (नेहमीचा मागचा पाय पुढे ठेवून) चालवताना आणि उलटं लँड झालं तरी फरक पडत नाही. फ्लेक्स, म्हणजे बोर्डचा कडकपणा, १० पैकी ३ ते ५, त्याहून कडक बोर्ड नवशिक्याला वाकवताच येत नाही. बेस (बर्फावर घसरणारा खालचा थर) एक्स्ट्रूडेड, म्हणजे प्लास्टिक वितळवून बनवलेला चालेल, सिंटर्डपेक्षा (प्लास्टिकची पावडर दाबून बनवलेल्यापेक्षा) स्लो असतो पण स्वस्त, आणि ओरखडे पटकन भरता येतात. लांबी नेहमीपेक्षा २-३ सेंमी कमी, पण बूट अमेरिकन ११ नंबरच्या आसपास असेल तर वाइड (रुंद) बोर्ड बघच, नाहीतर वळताना पायाची बोटं बर्फात घासतात.

नवंच पाहिजे असेल तर मार्च-एप्रिलपर्यंत थांब, सीझन संपत आला की त्याच वर्षीचं मॉडेल बरंच स्वस्त मिळतं, फक्त ग्राफिक्ससाठी पुढच्या वर्षीच्याला जास्त पैसे देऊ नकोस रे. सेकंडहँड घेतलास तर कडेच्या स्टीलवरून नख फिरव, अडकलं तर तिथे क्रॅक असू शकतो, आणि टोकाला थर सुटलेले दिसले तर सरळ सोडून दे. वाचलेले पैसे बूट आणि हेल्मेटवर घाल.