400 टक्के डिव्हिडंड म्हणजे हातात किती?

कराडच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय 52, साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरी. त्या लिहितात: "8 लाखांची एफडी आहे. भाचा म्हणतो, मोड आणि अमुक कंपनीचे शेअर घे. 310 चा शेअर 160 ला आलाय, पी/ई फक्त 6, 400 टक्के डिव्हिडंड दिलाय, आता एकास एक बोनसही येतोय. मोडू का? धाकट्याच्या इंजिनिअरिंगची फी अजून दोन वर्षं भरायची आहे, साधारण 5 लाख लागतील."

ताई, एफडी मोडू नका. भाच्याने सांगितलेला एकही आकडा खोटा नाही, मी तपासले. पण त्यातून तो जे समजतोय ते चुकीचं आहे.

आधी ते 400 टक्के. डिव्हिडंड म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरधारकांना वाटते ते पैसे. त्याची टक्केवारी शेअरच्या बाजारभावावर नसते, दर्शनी किंमतीवर, म्हणजे कंपनीने शेअरची कागदोपत्री ठरवलेल्या मूळ किंमतीवर असते. या शेअरची दर्शनी किंमत 2 रुपये. त्याचे 400 टक्के म्हणजे 8 रुपये. तुम्ही 160 ला घेणार, म्हणजे तुमच्या पैशावर सुटले 5 टक्के. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर एफडीचा दर 7.1 टक्के आहे. आणि एप्रिल 2020 पासून डिव्हिडंडही तुमच्या उत्पन्नात धरून त्यावर कर लागतो, व्याजासारखाच.

आता पी/ई, इथे जरा थांबू. पी/ई म्हणजे शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा. 160 भागिले 27, म्हणून 6 च्या आसपास. मी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. नफा-तोट्याच्या पत्रकात 'एक्सेप्शनल आयटम्स', म्हणजे नेहमीच्या धंद्याबाहेरची एखाद्या वेळचीच कमाई किंवा खर्च, अशी एक ओळ असते, बरेच जण ती ओलांडून पुढे जातात. कंपनीने जुन्या कारखान्याची जमीन विकली आहे. 27 पैकी 19 रुपये त्या जमिनीचे. धंद्यातून मिळाले फक्त 8. आता भागा: 160 भागिले 8, पी/ई 20. तो 8 रुपयांचा डिव्हिडंडही त्याच जमिनीच्या पैशातून आलाय. आदल्या वर्षी 2 रुपयेच दिला होता. जमीन एकदाच विकता येते, ताई.

एकास एक बोनस म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे आणखी एक शेअर फुकट. त्याचं तर भाकरीसारखं आहे. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही. 160 चे 100 शेअर असतील तर बोनसनंतर साधारण 80 चे 200 होतील. 16,000 चे 16,000च. मग 80 चा भाव बघून लोक 'स्वस्त' म्हणतात. नुसत्या भावावरून स्वस्त-महाग ठरत नाही. एमआरएफचा शेअर जून 2023 मध्ये 1 लाखावर गेला, कारण त्या कंपनीचे शेअरच जेमतेम 42 लाख आहेत.

राहिला 310 वरून 160. निम्म्यावर आलेला शेअर आणखी निम्म्यावर येऊ शकतो, आणि 160 वरून परत 310 ला जायला तो जवळपास 94 टक्के वाढावा लागतो. फी भरायची तारीख त्यासाठी थांबणार नाही. म्हणूनच फीचे 5 लाख बाजाराच्या जवळपासही नेऊ नका.

शिवाय एफडी मध्येच मोडली तर जितके दिवस ठेवली त्या मुदतीचा दर लागेल, आणि तुमच्या पावतीप्रमाणे त्यातून 1 टक्का दंड जाईल. एक गोष्ट मात्र बदला. 8 लाख एकाच बँकेत आहेत आणि ठेवीचा विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंतच आहे. मुदत संपली की निम्मी रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवा, म्हणजे व्याज धरायलाही जागा राहील.

शेअर बाजारात जायची तुमची इच्छा मला पटते. निवृत्तीला अजून वर्षं आहेत. पगारातून महिन्याला झेपेल तेवढी, 3,000 म्हणा, निफ्टी 50 च्या इंडेक्स फंडात, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर ठरलेल्या प्रमाणात घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, एसआयपी (दर महिन्याला ठरलेली रक्कम गुंतवणं) लावा आणि किमान सात वर्षं त्याला हात लावू नका. पन्नास कंपन्या असल्या की एकीच्या जमिनीवर तुमचं काही अडणार नाही.

भाच्यावर रागावू नका, तो तुमच्या भल्यासाठीच धडपडतोय. रविवारी त्याला जेवायला बोलवा, मोबाइलवर तो अहवाल उघडायला लावा आणि एवढंच विचारा: जमिनीचे पैसे वगळले तर या कंपनीने किती कमावले, आणि पुढच्या वर्षी डिव्हिडंड 8 येणार की 2?