फोटोत फरक दिसतो, मग समाधान का नाही?

डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी लेझर घेतलेल्या अनेकांची तक्रार सारखीच असते : डॉक्टर फरक पडला म्हणतात, मग मला तो का जाणवत नाही? पन्नाशीतील एका शिक्षिकाबाईंनी हा प्रश्न विचारला, तेव्हा उपचाराला सुमारे सहा महिने झाले होते आणि पुढचे सत्र घ्यावे की नाही, हे ठरायचे होते.

अशा वेळी घाईने निष्कर्ष काढला गेला असावा, अशी माझी पहिली शंका असते. सुरुवातीच्या सुजेमुळे सुरकुत्या भरून आल्यासारख्या दिसतात, सूज ओसरली की त्या परतल्याचा भास होतो, आणि नवे कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) तयार होण्याची खरी प्रक्रिया मात्र त्यानंतरही कित्येक महिने संथपणे चालू राहते. बाईंच्या बाबतीत तेवढा काळ उलटला होता. एकाच प्रकाशात, चेहरा स्थिर ठेवून काढलेल्या आधीच्या व नंतरच्या छायाचित्रांत रेषा स्पष्टपणे फिकट झाल्या होत्या. डॉक्टरांचे म्हणणे खरेच होते.

मग आम्ही उपचारापूर्वी भरून घेतलेला कागद काढला. त्वचारोगांत वापरल्या जाणाऱ्या ‘पेशंट बेनिफिट इंडेक्स’मध्ये रुग्ण प्रत्येक उद्दिष्टाच्या महत्त्वाला आधी 0 ते 4 गुण देतो आणि ते कितपत साधले, याला उपचारानंतर. मूळ प्रश्नावली मोठी आहे. तिच्याच धर्तीवरच्या आमच्या कागदावर बाईंच्या दोनच ओळी होत्या. ‘रेषा कमी व्हाव्यात’ याला त्यांनी 1 गुण दिला होता, तर ‘बरे नाही का, असे कोणी विचारू नये’ याला 4. आता त्यांनी पहिल्या ओळीपुढे 3 लिहिले, दुसरीपुढे 0. महत्त्वाचा भार धरून सरासरी, म्हणजे (1×3 + 4×0) ÷ 5, आली 0.6; मूळ निर्देशांकात किमान 1 आला, तरच लाभ अर्थपूर्ण मानतात.

चेहरा थकलेला दिसत होता तो डोळ्यांखालच्या खोलगटपणामुळे, आणि त्वचेचा पोत सुधारणारा लेझर तो भरून काढत नाही. शिवाय सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळे डाग पडण्याचा धोका अधिक असतो, त्यामुळे आणखी एका सत्राचा आग्रह धरण्यासारखे काही उरले नव्हते. बाईंनी ते सत्र रद्द केले आणि डॉक्टरांना विचारण्यासाठी खोलगटपणाचा प्रश्न त्याच कागदाच्या मागे लिहून घेतला.