आधी सांगाडा

प्रिय पोरी,

तुझ्या छोट्या रेल्वे-मॉडेलच्या लाकडी इंजिन शेडच्या भिंतीचा फोटो पाहिला. केळीच्या पानासारखी वळलीय, आणि खाली तुझा प्रश्न : "काका, सरळ लेझर-कट, तयार कापलेल्या भागांचं किट मागवू का?" फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

मागवू नकोस. तुझ्या हातात कसब आहे, क्रम उलटा झालाय. बाल्साच्या, म्हणजे हलक्या मऊ लाकडाच्या, अख्ख्या शीटवर रेघा ओढून तू फळ्या दाखवल्यास आणि रंग फक्त बाहेरून दिलास. दमट हवेत लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. जुलै महिना, कळव्याची खाडी, एक बाजू रंगाने बंद आणि दुसरी उघडी. वळणारच ती!

खरी लाकडी इंजिन शेड खांबांवर, तुळयांवर आणि कैच्यांवर, म्हणजे छपराच्या त्रिकोणी चौकटींवर, उभी असते. फळ्या शेवटी येतात, पाऊस अडवायला. म्हणून आधी सांगाडा.

तू १:८७ मध्ये करतेयस, म्हणजे एक फूट साडेतीन मिलिमीटर. बारा इंची खांब ३.५ मि.मी., सहा इंची फळी पावणेदोन. आलेख कागदावर कैची मॉडेलच्या मापात काढ, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताण आणि सगळ्या कैच्या त्याच एका चित्रावर चिकटव. वखारीत शिवण झाडाच्या लाकडाचा तुकडा मिळाला तर घे. सहज कापला जातो, फारसा वाकत नाही. फळ्या चिकटवण्याआधीच त्यांना रंग दे, दोन्ही बाजूंना. फेव्हिकॉल लागला त्या जागी लाकूड नंतर रंग पीत नाही, पांढुरके डाग कायमचे राहतात. फळ्या सुट्या लाव, मध्ये केसभर फट ठेव. फुगायला तेवढी जागा पुरते.

"छपराखालचं कोण बघणार?" हे मलाही ऐकवतात. इतरांच्या ले-आउटवर, म्हणजे रेल्वे-मॉडेलच्या मांडणीवर, गावं वसली, माझ्याकडे इमारती मोजक्याच, हेही ऐकवतात. ऐकवू देत. आढ्यालगतच्या धुराच्या झरोक्यातून उजेड आत येतो, कैच्यांच्या सावल्या इंजिनाच्या पाठीवर पडतात. पोकळ खोक्यात त्या कुठून येणार? माझी छपरं उचलता येतात ती त्यासाठीच. आणि तरुणपणी एका मीटरगेज जंक्शनवरच्या लाकडी शेडीत मला पाऊल टाकू दिलं नाही. पुढे लाइन रुंद झाली, शेड पाडली. बाहेरून काढलेले फोटो आहेत, आतल्या एकाही जोडाचं माप नाही. ते अजून सलतं. तेव्हापासून मी आतून बाहेर बांधतो, आणि हा माझा हट्ट असेल तर असू दे.

तुझ्याकडे चिकाटी आहे, मी पाहिलीय. किटचा विषय पुन्हा काढू नकोस. आधी सांगाडा, पोरी, आधी सांगाडा!

रविवारी नौपाड्यात ये. भिंती आणू नकोस. चार कैच्या आण. गुण्या लावून तपासू, आणि एकमेकींवर तंतोतंत बसल्या तरच फळ्यांचं बोलू.

तुझे,
काका