१९६६ची 'बॅटमॅन' मालिका आज पोरकट वाटते, तरी तिचं एवढं नाव का?

पोरकट वाटते हे खरं, पण ते ठरवून केलेलं होतं. निर्माते विल्यम डोझियर यांचं गणित असं, की मुलांना साहस दिसावं आणि मोठ्यांना हसू यावं. त्यासाठी बॅटमॅन झालेला अ‍ॅडम वेस्ट कितीही वेडगळ वाक्य गंभीर चेहऱ्याने म्हणतो. नंतरच्या नकला इथेच फसल्या. नटच हसला की प्रेक्षकाला हसायला काही उरत नाही.

तंत्रही बघा. खलनायकाच्या अड्ड्यात कॅमेरा तिरका असतो. इमारत चढण्याच्या दृश्यात भिंत जमिनीवर आडवी असे. नट वाकून चालत, केप दोऱ्यांनी ताणलेली आणि कॅमेरा ९० अंशांत वळवलेला. मारामारीतली 'पॉव', 'बॅम' ही अक्षरं आधी थेट चित्रावर चढवत. ते काम महाग, म्हणून पुढे रंगीत पार्श्वभूमीवरची अक्षरं मध्येच जोडू लागले. तिथे मारामारीची लय तुटते, नीट पाहिलं तर लगेच जाणवतं.

पण माझ्या मते खरा वारसा कॉमिक्समध्ये आहे. १९६४मध्ये कॉमिक्सने बॅटमॅनचा बटलर आल्फ्रेड याला मारून टाकलं होतं. मालिकेत तो होता, म्हणून १९६६मध्ये त्याला परत आणावं लागलं. १९५९चा दुय्यम खलनायक मिस्टर झीरो मालिकेमुळे मिस्टर फ्रीझ झाला. मालिकेला एक नायिका हवी होती, त्यातून बार्बरा गॉर्डन ही बॅटगर्ल जन्मली: आधी कॉमिक्समध्ये, मग १९६७च्या सप्टेंबरात पडद्यावर, इव्हॉन क्रेगच्या रूपात. १९७०च्या आसपास कॉमिक्सचे लेखक डेनी ओनील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स यांनी बॅटमॅनला पुन्हा अंधारात नेलं, तेही या मालिकेलाच दिलेलं उत्तर होतं. म्हणजे तिला नाकारणाऱ्यांनाही तिच्यापासूनच सुरुवात करावी लागली!

बॅटमॅनची गाडी, बॅटमोबील, जॉर्ज बॅरिस यांनी १९५५च्या लिंकन फ्युचुरा या प्रायोगिक गाडीवरून बनवली. २०१३मध्ये तिच्या लिलावात ४२ लाख डॉलरची बोली लागली.

एकूण १२० भाग आहेत. पहिल्या जोडभागापासून सुरू करा (१२ आणि १३ जानेवारी १९६६). खलनायक रिडलर झालेला फ्रँक गॉर्शिन त्यात अफलातून आहे. पहिल्या दोन मोसमांतले भाग जोडीनेच बघा, कारण पहिला मुद्दाम ऐन संकटात थांबतो. तिसरा मोसम शेवटी ठेवा: पैसे आटल्यामुळे तिथे सेटच्या जागी बऱ्याचदा काळी पार्श्वभूमी आणि चार रंगीत पुठ्ठे उरतात.