विश्वामित्रीचे स्वयंसेवक आणि त्यांचे पुढारी : वाचकांचे प्रश्न

नदीसंवर्धनाच्या कामाविषयी बडोद्याच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : दांडिया बाजार आणि रावपुरा भागातील आम्ही काही मंडळी शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीसाठी काम करतो. महानगरपालिकेशी पत्रव्यवहार, वनखात्याशी संपर्क, वर्तमानपत्रांना निवेदने, रविवारची स्वच्छता, हे सारे एक काका एकहाती सांभाळतात. काका आता मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला जात आहेत आणि त्यांची जागा घ्यायला कोणीच पुढे येत नाही. त्यांच्यासारखा माणूस आम्ही कसा शोधावा?

उत्तर : तसा माणूस शोधण्याच्या खटपटीत आपण पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काकांनी जे काम उभे केले त्यात खरे तर चार वेगवेगळी कामे आहेत आणि त्या चारही कामांची आवड एकाच माणसाला असणे हा योगायोग असतो. कोणी पुढे येत नाही याचे कारण बहुधा अनास्था हे नसून, काकांचे सगळे ओझे आपल्या एकट्याच्या गळ्यात पडेल ही भीती हे असावे. कामे वेगळी करून मांडली, की पत्रव्यवहाराला कोणी निवृत्त कारकून तयार होतो आणि काठावरच्या पाहणीला छायाचित्रणाचा नाद असलेला एखादा तरुण मिळतो.

त्याआधी करायची एक निकडीची गोष्ट म्हणजे काकांच्या घरातील कागद. माहितीच्या अधिकाराखालील अर्ज कायद्याने नागरिकानेच करायचा असतो. संस्थेला तो अधिकार नाही. गुजरातमध्ये २० रुपये शुल्क भरून केलेला असा प्रत्येक अर्ज, त्याला ३० दिवसांत आलेले किंवा न आलेले उत्तर आणि त्यावरचे अपील हे सर्व त्यामुळे काकांच्या वैयक्तिक नावावर आणि त्यांच्याच पत्त्यावर असणार. ते बडोदे सोडतील त्या दिवशी आपल्या गटाची स्मृतीही त्यांच्या सामानाबरोबर पुण्याला जाईल. तेव्हा दोन जणांनी त्यांच्याकडे सलग काही संध्याकाळी बसून प्रत्येक फाइल समजून घ्यावी, प्रती काढाव्यात, आणि कोणत्या अर्जाचे पुढे काय झाले हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यावे. प्रभाग कार्यालयातील आणि वनखात्यातील ज्या कर्मचाऱ्यांशी त्यांची ओळख आहे, त्यांच्याकडे काकांनी स्वतः नव्या मंडळींना घेऊन जावे. फोन नंबर देऊन हे काम होत नाही.

कागदांचा मी इतका आग्रह का धरतो, हे आपल्याच नदीच्या उदाहरणावरून लक्षात येईल. विश्वामित्री नदीकाठ विकास प्रकल्पाविरुद्ध बडोद्यातील काही नागरिकांनी २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या, पुण्यातील पश्चिम विभागीय पीठाकडे दाद मागितली आणि त्यावरचा अंतिम आदेश मे २०२१ मध्ये आला. म्हणजे एका प्रकरणाचे आयुष्य पाच वर्षांचे. तेवढ्या काळात कोणाची बदली होते, कोणी आजारी पडते, कोणाच्या मुलीचे लग्न निघते. काम एका माणसाच्या उमेदीवर चालले असेल, तर असे प्रकरण मधेच सुटून जाते. शिवाय लवादाच्या कायद्याच्या कलम १४ खालील अर्ज वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. काठावरच्या सखल जागेत राडारोड्याचा पहिला ट्रक कोणत्या तारखेला रिकामा झाला, ही नोंद कोणाच्या वहीत नसेल, तर मुदतीचा हिशेब कशाच्या आधारे करणार? म्हणून माझ्या मते गटातील सर्वांत महत्त्वाचे पद अध्यक्षाचे नसून नोंदी ठेवणाऱ्या चिटणिसाचे आहे, आणि ते सर्वांत शिस्तीच्या माणसाकडे द्यावे, मग तो माणूस सभेत दोन वाक्ये धड बोलू शकत नसला तरी चालेल.

पुढची व्यवस्था अशी करता येईल : प्रत्येक काम जोडीने सोपवावे, जोडीत एक जुना आणि एक नवा असावा, मुदत दोन वर्षांची ठेवावी, आणि मुदत संपली की जुन्याने बाजूला होऊन नव्याने आपला जोडीदार निवडावा. अध्यक्ष हवाच असेल तर तो सभा चालवण्यापुरता असू द्यावा. बडोद्यातील मराठी संस्थांमध्ये एकच व्यक्ती वर्षानुवर्षे खुर्चीवर राहण्याची आणि त्यालाच निष्ठा म्हणण्याची सवय आपल्याला अपरिचित नाही. नदीच्या कामात ती सवय महागात पडते, कारण इथे समोरच्या कार्यालयातील अधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. सांगणारा दमलेला असेल तर तो ते नीट सांगत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे. आमच्या नदीगटाचे पुढारी आम्हाला पात्राजवळ जाऊ देत नाहीत. पुलावर फलक धरून उभे राहायला सांगतात. मगरींची भीती दाखवून तरुणांना दूर ठेवले जाते असे आम्हाला वाटते. पाण्यात उतरून प्लास्टिक काढल्याशिवाय नदी स्वच्छ कशी होणार?

उत्तर : आपल्या पुढाऱ्यांचा निर्णय योग्य आहे, मात्र तो कारणांसह समजावून सांगणे हे त्यांचे कर्तव्य होते आणि तिथे ते कमी पडलेले दिसतात. फेब्रुवारी २०२५ मधील गणनेत विश्वामित्रीत चारशेहून अधिक मगरी मोजल्या गेल्या. इतक्या मगरी भरवस्तीतून वाहणाऱ्या नदीत असणे ही असाधारण बाब आहे, आणि गढूळ पाण्यात मगर हातभर अंतरावर असली तरी दिसत नाही. पाण्यात उतरू नये, आणि काठाच्या अगदी कडेला वाकून काही उचलूही नये.

दुसरे कारण मगरींच्या बाजूचे आहे. मगरीची मादी साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठाच्या उतारावर खड्डा करून अंडी घालते. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्ले बाहेर येतात आणि तोपर्यंत मादी घरट्याच्या आसपास असते. याच महिन्यांत परीक्षा संपून स्वयंसेवकांना सुट्टी लागते आणि स्वच्छतेचा उत्साह वाढतो. काठावरची झुडपे तोडून जागा ‘साफ’ केली, तर घरटे उघडे पडते. मगर ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हे कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारीतच मोडते. चांगल्या हेतूने केलेला गुन्हा हाही गुन्हाच ठरेल.

फलक धरण्याचा कंटाळा मात्र मला समजतो, आणि आपण पुढाऱ्यांकडे त्याहून अवघड काम मागावे. प्लास्टिक डोळ्यांना खुपते, परंतु नदीचा श्वास कोंडतो तो मुख्यतः मैलापाण्याने, आणि ते पाणी नाल्यांच्या व कांसांच्या (पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या शहरातील चरांच्या) मुखांतून येते. कोरड्या ऋतूत, म्हणजे पाऊस नसताना, पावसाळी गटारातून पाणी वाहत असेल, तर ते कोठून येते हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पुलांवरून आणि रस्त्यांवरून अशा मुखांची तारीख-वेळेसह छायाचित्रे घेणे, नकाशावर ती नोंदणे, पुलावरून दोरीला बांधलेल्या बादलीने नमुना घेऊन विरघळलेल्या प्राणवायूची तपासणी करणे हे विद्यार्थ्यांना उत्तम जमेल. स्नानायोग्य पाण्यासाठी केंद्रीय निकषानुसार लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या वर नको. नमुना नेहमी एकाच वेळी घ्यावा, कारण शेवाळ असलेल्या पाण्यात प्राणवायू दुपारी वाढतो आणि पहाटे सर्वांत कमी असतो. दुपारी दोनच्या एका आकड्यावरून नदी निरोगी असल्याचे प्रमाणपत्र देऊन बसण्यात अर्थ नाही. नमुन्यातील प्राणवायू जागच्या जागी रसायन घालून स्थिर करावा लागतो, तेवढे तंत्र रसायनशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडून शिकून घ्यावे.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर आमच्या गटात उभी फूट पडली आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरले ते नदी खोल आणि रुंद करण्याच्या बाजूचे आहेत. उरलेल्यांना त्यात नदीचा नाश दिसतो. समन्वयक म्हणून मी कोणाची बाजू घ्यावी?

उत्तर : त्या पुरात काळा घोडा पुलाजवळची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती. ज्यांचे धान्य, गाद्या आणि मुलांची पुस्तके त्या पाण्यात गेली, त्यांना मगरींच्या बिळांविषयी व्याख्यान देणे हे निर्दयपणाचे आहे. त्यांचा राग गटाच्या कामात आलाच पाहिजे. पण ‘नदी की माणसे’ अशा शब्दांत प्रश्न मताला टाकू नये, कारण तसे मतदान झाले की हरलेला पक्ष दुसऱ्या दिवसापासून येत नाही.

प्रश्नाचे तुकडे करावेत. पावागडच्या डोंगरातून निघालेल्या या नदीत आजवा व प्रतापपुरा सरोवरांकडून येणारे पाणी मिसळते, शहरातील कांस तिलाच येऊन मिळतात, आणि पुराचे पाणी पूर्वी ज्या कोतरांत (काठाच्या घळींत) आणि सखल जागांत पसरून थांबत असे, त्यांपैकी कित्येक ठिकाणी आज भराव आणि इमारती आहेत. पात्र खोल केल्याने पाणी लवकर पुढे जाईलही, परंतु पसरण्याची जागा बुजलेलीच राहिली तर लाभ मर्यादित राहील. २०२५ मध्ये शहरातील पात्राचे खोदकाम सुरू झाले, तेव्हा विचारण्यासारखे प्रश्न नेमके होते : माती कोठून काढणार, काठाचा उतार किती ठेवणार, घरट्यांच्या महिन्यांत यंत्रे कोठे चालणार, आणि काढलेली माती कोठे नेऊन टाकणार. या प्रश्नांची उत्तरे दोन्ही बाजूंना हवी असतात.

गटाच्या नावाने निवेदन काढायचे ते केवळ सर्वांना मान्य असलेल्या मुद्द्यांवर काढावे, उदाहरणार्थ पूरक्षेत्रातील राडारोडा हटवणे. उरलेल्या मुद्द्यांवर प्रत्येकाने स्वतःच्या नावाने खुशाल लिहावे. समन्वयकाने मात्र त्या काळापुरते आपले मत वर्तमानपत्रात देऊ नये. हे बंधन जाचक वाटत असेल, तर पद दुसऱ्याकडे देऊन मोकळेपणाने बोलणे अधिक प्रामाणिक ठरेल.

प्रश्न : आमच्या बारा जणांच्या गटाने नोंदणी करावी का?

उत्तर : देणग्या घ्यायच्या नसतील आणि खर्च चहा व हातमोज्यांपुरता असेल, तर घाई नको. नोंदणीमुळे पत्राला वजन येते हे खरे, परंतु माहितीचा अर्ज आणि लवादापुढील दाद यांसाठी तिची गरज नाही. बाधित नागरिक व्यक्ती म्हणून लवादाकडे जाऊ शकतो. पैसे येऊ लागले, की सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासदांची संस्था करता येते. गुजरातमध्ये तिला सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंदवावे लागते, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पहिल्या पत्रातील काका एखाद्या नोंदणीकृत संस्थेचे विश्वस्त असते, तर पुण्याला निघण्यापूर्वी त्यांचा राजीनामा लेखी घेऊन हा अर्ज तयार ठेवावा लागला असता. तो राहून गेला, की बँकेत सहीचा माणूस बदलताना अडते, आणि मग सगळी मंडळी नदी सोडून बँकेच्या फेऱ्या घालू लागतात.